साताऱ्यात जमाव-मिरवणुकांना बंदी घालणारं कलम ३७(३) लागू असताना पाण्यासाठी मोर्चा काढता येतो का?

येतो, पण परवानगी काढूनच. 'घटनेनं हक्क दिलाय, मग परवानगी कशाला?' असं तुम्ही विचारलंय. कलम १९(१)(ख) नीट वाचा : हक्क आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. त्याला लागूनच १९(३) येतं, सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देणारं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम ३७ त्याच आधारावर उभं आहे.

जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७(३) चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून आदेशाची प्रत मिळवा आणि तारखा बघा. अशा आदेशांत बहुधा 'विनापरवाना' जमावालाच बंदी असते. पोवई नाक्यापासून निघणार असाल तर मार्ग, वेळ, अंदाजे माणसं असा अर्ज पोलीस ठाण्यात द्या. पोच मात्र शिक्क्यासह घ्या, तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका.

खरी गोची ३७(१) ला होते. त्यात लाठ्याकाठ्या बाळगायला आणि प्रतिमा मिरवायलाही मनाई करता येते. त्यामुळे झेंड्याला जाडजूड बांबू नको आणि पुतळा जाळायचा बेत असेल तर तो आधीच सोडा. रिकामी घागर चालते, आणि फोटोतही तीच उठून दिसते!

परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय : सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सरसकट नकार चालत नाही.