बुद्धिबळातलं माझं रॅपिड (मध्यम वेळेच्या डावांचं) रेटिंग ११०० ला अडकलंय. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करू का?

ओपनिंग नंतर. या पातळीवर डाव जातो तो फुकट दिलेल्या मोहऱ्यांपायी, आणि ३ मिनिटांच्या झटपट डावांत (ब्लिट्झ) ती सवय आणखी मुरते. १५+१० चे (प्रत्येकी १५ मिनिटं, शिवाय दर चालीला १० सेकंद जादा) रोज एक-दोनच डाव खेळा. समोरच्याची चाल झाली की आधी त्याचे शह, मोहरे मारण्याच्या चाली, धमक्या बघा. आपली चाल ठरली की घड्याळ दाबण्याआधी हेच पुन्हा. डाव संपल्यावर लगेच इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावू नका, चूक आधी स्वतः शोधा. कोडी रोज १५ पुरेत, अंदाजपंचे मात्र नकोत.

एंडगेममधलं (मोजकेच मोहरे उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्यातलं) एवढं आजच पटावर मांडा: पांढरा राजा ई६, पांढरं प्यादं ई५, काळा राजा ई८. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. पांढऱ्या राजा-प्याद्याच्या जागांची अदलाबदल केली, तर अचूक बचावाने बरोबरी!