घरी आल्यावर बरं वाटलं, म्हणून वाईट वाटलं

थंडीत नातवंडांकडे राहून आलेल्या आयांचे फोन मला फेब्रुवारीत येतात आणि प्रश्न बहुतेक एकच, परत आल्यापासून करमत नाही, डिप्रेशन तर नाही ना? मागे गोव्यातल्या डिचोलीकडच्या एक रिटायर्ड शिक्षिका आल्या होत्या (ओळखू येईल असं सगळं बदललंय). लेक शिमल्याला, बाळ आठ महिन्यांचं, बाई दोन महिने राहिल्या. रात्री पारा शून्याखाली, सकाळी नळ गोठलेला, पायाची बोटं सुजून लाल. परतताना कालकाच्या छोट्या गाडीत रडू येऊ नये म्हणून बोगदे मोजत बसल्या, 102 आहेत म्हणे, चाळिसाच्या पुढे गणती चुकली.

मी आपली धरूनच चालले की लेकीच्या आठवणीने खंगल्यात, अर्धा तास तेच बोललो. उठता उठता म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? मोपाच्या विमानतळावर उतरले, ती दमट हवा अंगाला लागली आणि इतकं बरं वाटलं! घरी येऊन बांगड्याचं हुमण केलं, फॅन लावून झोपले. लेक तिथे एकटी बाळाला सांभाळतेय आणि मी इथे खूश. कसली आई मी?" तेव्हापासून लेकीचा फोन दोन मिनिटांत ठेवायच्या, बॅग तीन आठवडे हॉलमध्ये, चेनसुद्धा उघडली नव्हती.

म्हणजे सुटल्यासारखं वाटलं त्याचीच लाज. फार जणींना होतं हे, कबूल कुणी करत नाही. साठीतलं शरीर थंडीतून सुटलं तर त्याला बरं वाटणारच ना, त्यात माया कुठे कमी झाली? बाईंची झोप, जेवण, देवळात जाणं सगळं चालू होतं म्हणून मी औषधाचं नावच काढलं नाही. (दोन आठवडे रोज, दिवसभर उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप उडालीय, तर मात्र डॉक्टरला दाखवा. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, जीव नकोसा वाटला तर लगेच लावा.)

मी म्हटलं, लेकीला हे आहे तसं सांगून टाका. नको नको करत चार दिवस घालवले, मग सांगितलं. लेक हसायलाच लागली, "आई, तू गेल्यावर मी पण दोन दिवस भांडी सिंकमध्ये तशीच ठेवली, बोलायला कुणी नाही म्हणून, जाम मजा आली. तिसऱ्या दिवशी रडले."

बॅग त्याच रात्री उघडली. आतले अक्रोड मलाही आणून दिले. आता तिकीट मे महिन्याचं काढलंय, थंडीत परत येणार नाही हेही लेकीला सांगून टाकलंय.