टांकसाळीच्या दारातून फ्रेंच भाषेत

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तू रोज तीस फ्रेंच शब्दांची यादी पाठ करतेस, आठवड्याच्या अखेरीस त्यांतले पाच-सातच लक्षात राहतात आणि परीक्षा तर जवळ येत चालली आहे, असे तू लिहिले आहेस. तुझ्या स्मरणशक्तीत काही दोष नाही. यादीत एकाखाली एक मांडलेल्या शब्दांचा परस्परांशी संबंध नसतो, त्यामुळे एखादा निसटला की त्याला परत ओढून आणणारा दुसरा शब्द जवळ नसतो. माझी सूचना अशी आहे की तू काही दिवस यादी बाजूला ठेवावीस आणि एकाच संस्थेचा इतिहास शब्दाशब्दाने वाचावास. त्यासाठी मी पॅरिसची टांकसाळ निवडली आहे. तिचे नाव ‘मोने द पारी’. या पत्रासोबत फ्राँसचे एक जुने, एक फ्राँचे नाणे पाठवत आहे (फ्राँ हे तिथले पूर्वीचे चलन), ते हातात घेऊन पुढचे वाच. फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत जवळपासच येतात, म्हणून प्रत्येक शब्दाचे मूळ लेखन तू स्वतः कोशात पाहून वहीत उतरवावेस.

पहिला शब्द ‘मोने’ हाच घे. तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘ला मोने’. रोममध्ये जूनो मोनेता या देवीच्या मंदिराजवळ नाणी पाडली जात आणि त्या ‘मोनेता’वरूनच हा शब्द आला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचे तीन अर्थ जिवंत आहेत: टांकसाळ, चलन आणि सुट्टे पैसे. तिसरा अर्थ मराठी माणसाने आधी शिकावा, कारण आपल्याकडे त्यासाठी ‘मोड’ हा नेमका शब्द आहे. दुकानदाराला ‘मोड आहे का?’ असे आपण विचारतो, तिथे फ्रेंच माणूस ‘मोने’ म्हणतो. इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणारे माझे बहुतेक विद्यार्थी इथे ‘शाँझ’ म्हणतात, परंतु ‘ल शाँझ’ म्हणजे परकीय चलनाची अदलाबदल. मराठीतून थेट गेलीस तर ही चूक होणार नाही. एकट्या नाण्याला ‘ला पियेस’ म्हणतात. ‘लार्झाँ’ म्हणजे चांदी आणि पैसाही, कारण कित्येक शतके पैसा म्हणजे चांदीच होती.

आता इतिहासाकडे वळू. ही टांकसाळ आपली स्थापना 864 सालापासून मोजते. त्या वर्षी राजा शार्ल, ज्याला ‘ल शोव्ह’ म्हणजे टकला हे उपनाव होते, त्याने पीत्र येथे एक फर्मान काढले आणि नाणी पाडण्याचा अधिकार निवडक ठिकाणांपुरता मर्यादित केला. तेव्हाचे नाणे होते ‘दनिये’. लॅटिन ‘देनारियुस’पासून हा शब्द निघाला आणि संस्कृतातला ‘दीनार’ही त्याच मुळापासून आलेला आहे, म्हणजे हा शब्द आपल्याला दूरच्या नात्याने ओळखीचा आहे. बारा दनिये मिळून एक ‘सू’ आणि वीस सू मिळून एक ‘लिव्र’ होत असे. ‘ला लिव्र’ म्हणजे चलनाचे वा वजनाचे माप आणि ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक, हा लिंगभेद एकदा पैशाच्या हिशेबाने समजला की पुन्हा घोकावा लागत नाही. ही नाणी व्यवहारातून गेली, तरी भाषेतून गेलेली नाहीत. सार्वजनिक निधीला आजही ‘ले दनिये प्युब्लिक’ म्हणतात, आणि कफल्लक माणूस ‘साँ ल सू’ असतो, जसा आपल्याकडे दमडी नाहीशी होऊन कितीतरी काळ लोटला तरी ‘खिशात दमडी नाही’ म्हणणारा माणूस असतो.

‘फ्राँ’ या शब्दापाशी मात्र थोडे थांब, कारण एका शब्दातून किती मोठे कुटुंब वाढते, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. 1356 मध्ये प्वातियेच्या लढाईत राजा झाँ दुसरा इंग्रजांच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेसाठी प्रचंड खंडणी ठरली आणि 5 डिसेंबर 1360 च्या आज्ञेने एक नवे सोन्याचे नाणे निघाले, ज्यावर राजा घोड्यावर बसलेला दाखवला होता. त्या नाण्याला फ्राँ म्हणत. ‘फ्राँ’ हे विशेषण म्हणजे मुक्त, आणि नाणे तर सुटकेसाठीच पाडलेले होते. नाण्यावरच्या लॅटिन मजकुरात राजाला ‘फ्रांकोरुम रेक्स’, म्हणजे फ्राँक लोकांचा राजा, म्हटले होते, म्हणून नाव त्यावरून पडले असेही सांगतात. विद्यार्थ्याने दोन्ही स्पष्टीकरणे लक्षात ठेवावीत. या ‘मुक्त’ अर्थापासून पुढची शब्दमाला धर. मोकळेपणाने बोलणारा माणूस तो ‘फ्राँ’, बाई असेल तर ‘फ्राँश’. त्याच्या सरळपणाला ‘फ्राँशीझ’ म्हणतात. ‘आफ्राँशिर’ म्हणजे गुलामाला मुक्त करणे, आणि पत्राला टपालाचे तिकीट लावण्यालाही हेच क्रियापद वापरतात, कारण तिकिटाने पत्र पुढच्या आकारणीतून मुक्त होते. अडथळा किंवा सीमा ओलांडणे म्हणजे ‘फ्राँशिर’. यादीत हे शब्द चार वेगळ्या पानांवर तुला भेटले असते. इथे कैदेतल्या एका राजामुळे ते एकाच ठिकाणी आले.

आता इमारतीत जाऊ. सेन नदीच्या डाव्या तीरावर, ‘के द कोंती’ या घाटरस्त्यावर वास्तुविशारद झाक-दनी आँत्वान याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टांकसाळीची भव्य वास्तू उभी केली. तिला ‘ओतेल द ला मोने’ म्हणतात. इथले ‘ओतेल’ म्हणजे राहण्याचे हॉटेल नव्हे. मोठ्या वाड्याला वा सार्वजनिक वास्तूला हा शब्द वापरतात, आणि म्हणूनच नगरपालिकेच्या इमारतीला ‘ओतेल द व्हील’ म्हणतात. याच रस्त्यावर शेजारी ‘आकादेमी फ्राँसेझ’ आहे, जिथे फ्रेंच भाषेचा अधिकृत कोश तयार होतो. शब्दांची पारख करणारी आणि नाणी पाडणारी संस्था अशा शेजारी शेजारी उभ्या आहेत, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

कारखान्यातला शब्दसंग्रह सर्वांत समृद्ध आहे, आणि तोच पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. नाण्यासाठी कापलेली कोरी धातूची चकती म्हणजे ‘फ्लाँ’, आणि अंडी-दुधाच्या एका गोड पदार्थाचे नावही तेच आहे. चकतीवर ठसा उमटवणारा पोलादी साचा म्हणजे ‘क्वँ’. त्याचे मूळ लॅटिनमध्ये पाचर या अर्थाचे आहे. तू हा शब्द ‘कोपरा’ म्हणून शिकली आहेस. तोही अर्थ बरोबरच आहे, परंतु एखादे मत शहाणपणाचे आहे हे सांगताना फ्रेंच माणूस ते ‘फ्रापे ओ क्वँ द्यु बों साँस’ आहे असे म्हणतो, तेव्हा त्यातला ‘क्वँ’ रस्त्याचा कोपरा नसून टांकसाळीचा साचा असतो: सद्बुद्धीचा ठसा उमटलेले मत. नाण्याची कड म्हणजे ‘ला त्राँश’, आणि पावाच्या कापलेल्या तुकड्यालाही ‘त्राँश’ म्हणतात. नाणेफेकीत आपण ‘छापा की काटा’ विचारतो, तसे ते ‘पील ऊ फास’ विचारतात.

ठसा मारण्याच्या क्रियेला ‘फ्रापे’ हे क्रियापद आहे. मुळात त्याचा अर्थ ठोकणे वा आघात करणे. त्याच्याच नामाने टंकलेखनातल्या चुकीला ‘फोत द फ्राप’ म्हणतात. हे वाचल्यावर आपल्या भाषेकडे एकदा पाहा. ‘टंक’ म्हणजे छिन्नी आणि ठसा उमटवलेले नाणे. त्यावरून टंकशाला, म्हणजे टांकसाळ, आणि त्यावरूनच टंकलेखन. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता नाणे पाडणे आणि अक्षर उमटवणे यांसाठी एकच क्रिया पाहिली. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला सापडलेल्या साम्यांपैकी हे मला सर्वांत प्रिय आहे.

नाणे पारखण्याची भाषाही घे. ‘एस्पेस सोनाँत ए त्रेब्युशाँत’ म्हणजे रोख पैसा. खरे नाणे आपटल्यावर वाजते, म्हणून ते ‘सोनाँत’. नाणी तोलण्याच्या नाजूक तराजूला ‘त्रेब्युशे’ म्हणत, आणि पुऱ्या वजनाचे नाणे त्याचे पारडे झुकवत असे. आज ‘त्रेब्युशे’ हे क्रियापद अडखळणे या अर्थी तुला रोजच्या बोलण्यात ऐकू येईल. या वाक्प्रचारातल्या ‘सोनाँत’साठी आपल्याकडे ‘खणखणीत’ हा तंतोतंत शब्द आहे. ‘त्रेब्युशाँत’साठी मला तितका चपखल शब्द सापडलेला नाही. तुला सापडला तर अवश्य कळव.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. राज्यक्रांतीनंतर 1795 मध्ये फ्राँ दशमान पद्धतीत आला आणि ‘देसीम’ व ‘साँतीम’ हे शब्द चलनात आले. 1803 मध्ये फ्राँसाठी पाच ग्रॅम चांदी ठरली. 1 जानेवारी 1960 रोजी शंभर जुन्या फ्राँचा एक नवा फ्राँ झाला. 1973 मध्ये बोर्दोजवळच्या पेसाक येथे टांकसाळीचा मोठा कारखाना, म्हणजे ‘युझीन’, सुरू झाला, आणि व्यवहारातली नाणी तिथे पाडली जाऊ लागली. 2002 मध्ये युरोची नाणी हातात आली आणि फ्राँ गेला. या परिच्छेदातल्या सालांवर वेळ घालवू नकोस. ती फ्रेंचमध्ये अक्षरी म्हणण्याचा सराव तेवढा कर, कारण सत्तरच्या पुढच्या संख्या तुला अजून जड जातात.

एक सावधगिरी बाळग. शब्दांच्या व्युत्पत्तीची गोडी लागली की मन स्वतःच कथा रचू लागते. ध्वनी जुळला म्हणून दोन शब्द सख्खे मानू नकोस, आधी व्युत्पत्तिकोश उघड. तसेच कोणता शब्द आज बोलण्यात आहे आणि कोणता फक्त वाक्प्रचारात उरला आहे, याची नोंद प्रत्येक शब्दासमोर कर. ‘सू’ने कोणी भाजी विकत घेत नाही.

आता हातातल्या नाण्याकडे पाहा. त्यावर वारा अंगावर घेत चालणारी, हाताने बी फेकणारी स्त्री आहे, आणि तिच्यामागे सूर्य उगवतो आहे. तिला ‘ला सम्योझ’, पेरणी करणारी, म्हणतात. पदककार ऑस्कार रोती याने कोरलेली ही आकृती 1897 पासून फ्राँसच्या नाण्यांवर आली. क्रियापद ‘समे’, पेरणे. मागच्या बाजूला ऑलिव्हची फांदी आहे आणि प्रजासत्ताकाचे तीन शब्द आहेत: स्वातंत्र्य, समता, बंधुता. या नाण्याचे वर्णन फ्रेंचमध्ये वीस वाक्यांत लिही: धातू, कड, दोन्ही बाजू, ती स्त्री, तिचे चालणे, सूर्य. वर आलेल्या शब्दांपैकी निदान बारा त्यात आले पाहिजेत, आणि प्रत्येक नामाला त्याचे उपपद लावलेले असले पाहिजे. दोन ओळींमध्ये जागा सोडून लिही, म्हणजे मला दुरुस्त्या करता येतील. महिनाअखेरपर्यंत पाठव. नाणे मात्र तुझ्याकडेच राहू दे.

तुझा शुभचिंतक,
तुझे फ्रेंचचे सर