स्पंजातून प्लेटवर वाढलेला जीवाणू म्हणजे सहजीवी नव्हे

तुमचा बेत मला कळला तो असा: बडोद्यात एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं वर्ष, डिझर्टेशनसाठी गुजरातेत ओख्याकडच्या किनाऱ्यावरच्या स्पंजांतून जीवाणू वेगळे करायचे, त्यांच्यात प्रतिजैविक निघतं का पाहायचं आणि निघालं तर ‘स्पंजातली औषधी द्रव्यं त्याचे सहजीवी जीवाणू बनवतात’ (सहजीवी म्हणजे त्याच्या आत कायम राहणारे) असा निष्कर्ष लिहायचा. विषय छान आहे, जरूर घ्या. निष्कर्षाचं ते वाक्य मात्र लिहू नका. त्याला लागणारा पुरावा या प्रयोगातून येणारच नाही.

स्पंज हा तळाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी सतत पाणी गाळत असतो. एक किलोचा स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी ओढतो, असा हिशेब दिला जातो. त्या पाण्यातले जीवाणू हे त्याचं अन्न. त्यामुळे तुकडा वाटून प्लेटवर (जीवाणू वाढवायचं पोषक माध्यम ओतलेल्या बशीवर) पसरला की आत कायमचे राहणारे, अर्धवट पचलेले आणि नुसते वाटेने जाणारे असे सगळेच एकत्र येतात. मांडवात पंगतीला बसलेला दिसला म्हणून कोणी घरचा होत नाही. त्यातून प्लेट कोणाला मानवते? बहुधा बॅसिलस, व्हिब्रिओ, स्यूडोमोनास या सहज वाढणाऱ्या जीवाणूंना. काही स्पंजांच्या वजनात ३५-४० टक्के वाटा जीवाणूंचा असतो (काहींत जवळजवळ नसतोच), पण त्यांतले १ टक्क्याहूनही कमी आपल्या माध्यमावर वाढतात.

थिओनेला स्विन्होई या स्पंजाची गोष्ट यासाठी नीट वाचा. त्यातलं स्विन्होलाइड हे संयुग सायनोबॅक्टेरियांतल्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंतल्या) काही रेणूंसारखं दिसतं, म्हणून आधी संशय त्यांच्यावर होता. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फॉकनर यांच्या गटाने प्रशांत महासागरातल्या पलाऊच्या स्पंजातल्या पेशी प्रकारानुसार वेगळ्या काढल्या आणि प्रत्येक वाट्यात काय आहे ते तपासलं. स्विन्होलाइड निघालं ते दुसऱ्याच एकपेशी जीवाणूंच्या वाट्यात, आणि एक पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) निघालं धाग्यासारख्या जीवाणूंच्या वाट्यात. पण जिथे सापडलं तिथेच बनलं, हेही गृहीतकच! जनुकांचा पुरावा पुढे आला. २०१४ मध्ये यॉर्न पील यांच्या गटाने दाखवलं की याच स्पंजाच्या एका जपानी प्रकारातली जवळजवळ सगळी माहीत असलेली पॉलिकीटाइड आणि पेप्टाइड या दोन वर्गांतली संयुगं बनवण्याची जनुकं एन्टोथिओनेला नावाच्या, धाग्यासारख्या जीवाणूत आहेत. हा जीवाणू प्लेटवर वाढवलेला नव्हता. तुमच्या पद्धतीने शोध घेतला असता तर नेमका तोच निसटला असता.

आणि उलट बाजूही आहे. डिसिडिआ अवारा या स्पंजातलं अवारॉल हे संयुग त्याच्या स्वतःच्या पेशींत आढळतं. टर्पीन वर्गातली संयुगं बनवणारी विकरं (एन्झाइम) तर काही स्पंजांच्या स्वतःच्या जनुकांत असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ‘सगळं जीवाणूच करतात’ हे विधानही धाडसाचंच.

बनवणारा कोण, याला एवढं महत्त्व का? औषधापुरता माल मिळवण्याच्या अडचणीमुळे. न्यूझीलंडच्या एका स्पंजाच्या तब्बल टनभर मालातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हे कर्करोगविरोधी संयुग सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळालं. शेवटी त्या रेणूचा सुटसुटीत केलेला कृत्रिम अवतार, एरिब्युलिन, २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झाला. खरा कारागीर जीवाणू असेल आणि त्याची जनुकं दुसऱ्या सोप्या जीवाणूत बसवता आली, तर टनांचा हिशेब संपतो.

आता तुमचं काम. शीर्षक ‘अमुक स्पंजातून वेगळ्या केलेल्या जीवाणूंची प्रतिजैविक क्षमता’ एवढंच ठेवा. त्याच जागचं, त्याच दिवसाचं समुद्राचं पाणी आणि तळाची वाळू यांच्याही प्लेट लावा. विद्यार्थी हे हटकून गाळतात, आणि परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतो. स्पंज निर्जंतुक समुद्रपाण्याने धुऊन आतलाच भाग घ्या. झोबेल मरीन अगार या नेहमीच्या माध्यमाबरोबर कमी पोषकद्रव्यांचं एखादं माध्यम ठेवा आणि दोन दिवसांत प्लेट टाकून देऊ नका. अ‍ॅक्टिनोमायसिटीस (प्रतिजैविकं बनवणारे, सावकाश वाढणारे जीवाणू) हवे असतील तर कित्येक आठवडे थांबावं लागतं. झोन (वसाहतीभोवती दुसरे जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) दिसला की आधी १६-एस (जीवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाची तपासणी) करा. बॅसिलस निघाला तर सर्फॅक्टिन, इट्युरिन ही आधीच माहीत असलेली जुनी संयुगं असण्याची शक्यता मोठी, नव्या शोधाची छोटी. सहजीवनाबद्दल काही बोलायचंच असेल, तर मूळ स्पंजाचा अर्क आणि जीवाणूच्या कल्चरचा अर्क दोन्ही एलसी-एमएसवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवा. दोन्हीकडे तोच रेणू आला, तर निदान पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो.

ओख्याबद्दल एक गोष्ट बडोदेकरांना ठाऊक हवी. ओखामंडळ हे बडोदा संस्थानात होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात समुद्री जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये तिथल्या समुद्री जीवांची पाहणी केली. त्यांतल्या स्पंजांचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ आर्थर डेंडी यांनी बडोदा सरकारच्या १९१६ च्या अहवालात छापलं आहे. ओळख पटवताना ते जरूर चाळा, फक्त जुनी नावं आजच्या नावांशी ताडून घ्या. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा वन खात्याची परवानगी हातात आल्याशिवाय एकही तुकडा काढू नका. अर्ज आजच गाइडच्या सहीने टाका. प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको, कारण त्यात डीएनए खराब होतो आणि स्पंजाची जात ठरवताना तोही लागतो.