पहिली दोनशे किलोमीटरची सायकल राइड: वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की लांब पल्ल्याच्या राइडचे प्रश्न येऊ लागतात. यंदा बहुतेकांनी विचारलंय ते 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेबद्दल, म्हणजेच बीआरएमबद्दल. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ही शर्यत नव्हे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, वाटेतल्या कंट्रोल पॉइंटवर ठरलेल्या वेळेत पोहोचायचं आणि सायकलला काही झालं तर आपलं आपण निस्तरायचं. पहिल्या आणि शेवटच्या नंबरात काहीच फरक नसतो.

मी 42 वर्षांचा, बँकेत नोकरी. हायब्रिड सायकलवर रविवारी 25–30 किलोमीटर मारतो, सरासरी 19 चा वेग पडतो. 200 च्या बीआरएमला अकरा आठवडे आहेत. जमेल का? वेग किती वाढवावा लागेल? — एक वाचक, सातारा

जमेल. वेग वाढवण्याच्या मागे लागू नका. आधी हा हिशेब पाहा. ताशी 20 ने चालवलं तर 200 किलोमीटरला 10 तास लागतात, हातात साडेतीन तास उरतात. ताशी 18 ने 11 तास 7 मिनिटं, उरतात 2 तास 23 मिनिटं. ते पुरतात; मात्र चहाला थांबून अर्धा तास गेला, असं चार वेळा झालं की दोन तास संपले. नवख्यांची वेळ बहुतेक अशी टपरीवर जाते, रस्त्यावर नाही. थांबा दहा मिनिटांचा ठेवा: कंट्रोल पॉइंटच्या कार्डावर नोंद, बाटल्या भरणं, लघवी, हातात केळं आणि निघायचं. जेवणाला एकदाच अर्धा तास.

सराव रविवारच्या राइडभोवती बांधा. दहा रविवार असे: 40, 50, 60, 45, 75, 90, 65, 110, 130, 60. अकराव्या रविवारी बीआरएम. मधले 45 आणि 65 चे आठवडे गाळू नका. स्नायू लवकर तयार होतात, पण गुडघ्याचे आणि टाचेचे स्नायुबंध मागे राहतात. त्यांना तो हलका आठवडा लागतो. आठवड्यात आणखी दोन दिवस तास-तासभर: एक दिवस बोलता बोलता चालवता येईल इतकं हळू, दुसऱ्या दिवशी चढ. तुम्हाला यवतेश्वरचा घाट दारातच आहे. सरावाला 130 च्या पुढे जायची गरज नाही. जो 130 नीट खाऊन-पिऊन करतो, तो 200 करतो.

शेवटच्या आठवड्यात काहीही नवीन नको, ना सीट, ना बूट, ना टायर. नवीन टायर लावायचाच असेल तर 130 च्या राइडआधी लावा.

माझ्याकडे 700×35 चे टायर आहेत. सोबत काय काय घ्यावं? पंक्चरवाले तर हायवेला सगळीकडे असतात ना? — एक वाचक, नाशिक

असतात, पण ट्रक आणि मोटरसायकलचे. तुमच्या मापाची ट्यूब त्यांच्याकडे मिळेल असं धरून चालू नका. ट्यूबचा वॉल (हवा भरायची नळी) जाड, म्हणजे मोटरसायकलसारखा असेल तर त्यांच्याकडे हवा तरी भरता येते. बारीक, टोकाला पितळी स्क्रू असलेला वॉल असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवा. काँप्रेसरचा पाइप मात्र सलग दाबून धरू द्यायचा नाही. थोडं थोडं भरून अंगठ्याने दाबून पाहत राहा, नाहीतर टायर रिमवरून उडतो.

किटमध्ये हे असू द्या: दोन नव्या ट्यूब, पॅच आणि सोल्युशन (सोल्युशनची ट्यूब न फोडलेली, एकदा उघडलेलं सोल्युशन महिन्या-दोन महिन्यांत सुकून जातं), दोन टायर लिव्हर, छोटा पंप, 4-5-6 एमएम अॅलन की आणि चेन तोडायचं टूल असलेला मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी), जुन्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा, चार झिप टाय, थोडी इन्सुलेशन टेप. चाकाला क्विक रिलीज (हाताने उघडायची खिट्टी) नसून नट असेल तर 15 चा पाना. तो नसला तर बाकी सगळं असून मागचं चाक निघतच नाही.

पंक्चर झाल्यावर घाईने नवी ट्यूब घातली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसली, हे फार होतं. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब काढा, थोडी हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब होती तशीच, वॉल रिमवरच्या वॉलच्या भोकाशी जुळवून टायरच्या शेजारी धरा. ट्यूबवर भोक जिथे, टायरमध्ये गुन्हेगार तिथेच. मग टायरच्या आतून पूर्ण फेरी बोट फिरवा, सावकाश. बाभळीचा काटा सहज लागतो. फसवते ती हायवेच्या कडेला पडलेल्या, फुटलेल्या ट्रक टायरची तार. ती केसाएवढी बारीक असते, बाहेरून दिसत नाही, बोटाला जेमतेम टोचते. नखाने किंवा चिमट्याने ओढून काढा.

भोक कुठे आहे त्यावरून कारण कळतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिम टेप सरकलीय, तिथे इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. 75 किलोच्या माणसाला 700×35 मध्ये पुढे 60 आणि मागे 65–70 पीएसआय ठीक. टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. टायर उभा फाटला असेल तर तो जुना तुकडा आतून ठेवून ट्यूब बसवा, हवा जरा कमी भरा.

मागच्या चाकाचा स्पोक तुटला तर तो बहुधा चेनच्या बाजूचा असतो, कारण तिथे ताण जास्त. तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळून टेप मारा. चाक डगमगून रिम ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा सैल करा आणि पुढच्या ब्रेकच्या भरवशावर सावकाश चालवा. असं चाक चढाला उभं राहून रेटायचं नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी चेन पुसून प्रत्येक रोलरवर एक थेंब ऑइल सोडा, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाका. आत तेल हवं. बाहेर राहिलेल्यावर धूळ बसते आणि तीच चेन खाते. चेन झिजलीय का ते साध्या पट्टीने कळतं: पिनच्या मध्यापासून 12 इंच मोजा, चोवीसाव्या कडीची पिन तंतोतंत 12 वर हवी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर बदला.

साठ किलोमीटरनंतर सीटवर बसवत नाही. जेलचं कव्हर घेतलं, त्याने जास्तच दुखतं. शिवाय गुडघा पुढून दुखतो. — एक वाचक, सांगली (वय 35)

ताई, कव्हर आजच काढून टाका. जाड जेलमध्ये बसायची हाडं बुडतात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो. सीट मऊ असण्यापेक्षा तिची रुंदी महत्त्वाची. घरी मोजता येते. कडक स्टुलावर पन्हाळीदार पुठ्ठा ठेवून, पाय जरा उंच ठेवून मिनिटभर दाबून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्यात साधारण 2 सेंटिमीटर मिळवा. 12.5 आलं तर 14.5 च्या आसपासची, मध्ये फट असलेली सीट पाहा. सायकलची सीट सपाट ठेवा. नाक वर असेल तर बधिरता येते, फार खाली असेल तर वजन मनगटावर सरकतं आणि करंगळीला मुंग्या येतात.

पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणच घासते. जांघेत पेट्रोलियम जेली लावा. राइडमध्ये दर वीस मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद पेडलवर उभं राहा. नव्वद टक्के तक्रार इथेच मिटते.

गुडघा पुढून दुखतो याचं नेहमीचं कारण सीट खाली असणं किंवा जड गिअर. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या: पाय नेमका सरळ व्हायला हवा, कंबर न झुकता. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. उंची एकदम नको, 3–5 मिलिमीटरने वाढवत जा. गुडघा मागून दुखू लागला तर सीट जास्त वर गेलीय. आणि गिअर हलका ठेवा: 15 सेकंदांत उजवा पाय 20 वेळा खाली यायला हवा. दुखणं तरीही दोन आठवडे राहिलं तर डॉक्टरांना दाखवाच.

मागच्या वेळी 90 किलोमीटरवर पायातला जीवच गेला, वर मळमळ. सकाळी पोहे, वाटेत वडापाव आणि भरपूर पाणी घेतलं होतं. काय चुकलं? — एक वाचक, डोंबिवली

भूक लागेपर्यंत थांबलात, हे चुकलं. शरीरात साठवलेली साखर नेटाने चालवताना दोन-तीन तास पुरते. ती संपल्यावर खाल्लेलं कामी यायला वेळ लागतो. वडापावातलं तेल पोटात रेंगाळतं आणि चढावर वर येतं. वडापाव राइड संपल्यावर खा, हक्काचा आहे.

पोहे निघायच्या दोन तास आधी, तेल बेताचं. पहिला घास सुरुवातीपासून अर्ध्या तासात, मग दर अर्ध्या तासाने. ताशी 40–60 ग्रॅम कर्बोदकं धरा: एका मध्यम केळ्यात 25 च्या आसपास, लहान खजूर चार घेतले तर साधारण तेवढीच. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गुळाची पोळी, राजगिऱ्याचा लाडू, सगळं चालतं. फक्त आधी सरावात खाऊन पाहा. सुरुवातीपासून गोडच खाल्लं तर दुपारी ते घशाखाली उतरत नाही, म्हणून खारट काहीतरी हवंच.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडं जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, त्यानेही मळमळतं, डोकं दुखतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस ठेवा. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, वर लिंबू. मीठ अंदाजाने टाकू नका. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

बीआरएमआधी पुणे–वाई–पाचगणी करून पाहावी का? — एक वाचक, पुणे

चांगला सराव आहे, पण सातव्या-आठव्या आठवड्याआधी नको. पसरणी घाट साधारण अकरा-बारा किलोमीटरचा, चढाई साडेपाचशे मीटरहून जास्त आणि तो येतो खंबाटकी चढून, ऐंशीहून अधिक किलोमीटर झाल्यावर. वाईत खाऊन घ्या, पायथ्यापासूनच सगळ्यात हलका गिअर टाका. तो गिअर घरीच तपासा. सायकल कधी उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिथे टांगलेला असतो ती पट्टी, वाकलेला असू शकतो आणि मोठ्या चकतीवर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो.

उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. दोन्ही ब्रेक दाबून-सोडून वापरा. सतत घासत ठेवलेल्या ब्रेकने रिम तापते.

शेवटचे दोन तास अंधारात जाणार. लाइट किती हवा? — एक वाचक, बारामती

पुढे 400 लुमेनचा, मागे दोन लाल: एक स्थिर, एक लुकलुकता. अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. बॅटरी किती चालते हे खोक्यावर वाचू नका, मध्यम प्रकाशावर घरात लावून ठेवा आणि घड्याळ पाहा.

तुमच्या भागात आणखी एक काळजी घ्यायची. गाळपाचा हंगाम असतो आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना बऱ्याचदा मागे लाइट नसतो. ऊस बाजूंनी बाहेर आलेला असतो. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले की तो दिसतच नाही. अशा वेळी वेग कमी करून कडेची पांढरी पट्टी धरा, आणि ट्रॉलीला ओलांडायचं असेल तर मागून गाडी येत नाही याची खात्री करूनच, हातभर जास्त जागा सोडून. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्या चाकाखाली गोल फिरतात. त्यांवरून जावंच लागलं तर हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक लावू नका.