अथेन्सहून सँटोरिनीला जायचंय, सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत. बोटीने जावं की विमानाने?

जाताना बोट, येताना विमान. आणि जमत असेल तर थेट सँटोरिनी गाठू नका, वाटेत नॅक्सोस बेटावर उतरा. माझं उत्तर एवढंच आहे. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'आई समुद्राला फार घाबरते' असं लिहिलंय, ते वाचून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझी आई अलिबागकडची. तिच्या माहेरी बोट म्हटलं की 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आई तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आजीने ती गोष्ट इतक्यांदा सांगितलेली की आज मांडव्याच्या रो-रो बोटीतसुद्धा बोट धक्क्याला लागेपर्यंत आई हातातली जपमाळ सोडत नाही. अशा बाईला मी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एजियन समुद्रात पाच-साडेपाच तास बसवून नेलं. ती उतरली तेव्हा हसत होती. पण त्याआधी एकदा मी स्वतः पुरती फसले होते, ते आधी सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आणि नवरा जर्मनीहून गेलो होतो (आम्ही तिथेच राहतो). तिकिटं काढताना दोन पर्याय दिसले. मोठी बोट ८ तास, जलद बोट ५ तास. जलद बोटीचं तिकीट बरंच महाग, पण ३ तास वाचतात म्हणून तेच काढलं. ही जलद बोट म्हणजे पाण्यावरची एसी बस समजा. सगळं बंदिस्त, विमानासारख्या खुर्च्या, बाहेर जाऊन वारा खावा म्हटलं तर सोय नाही. अथेन्सचं पिरेयस बंदर सोडून मोकळ्या समुद्रात आलो आणि जे सुरू झालं! कर्मचारी मुकाट्याने कागदी पिशव्या वाटत फिरत होता, त्यावरूनच ओळखायला हवं होतं. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही, घाटात मी खुशाल वाचत बसते. त्या दिवशी मात्र अशी बोट लागली की सँटोरिनीचे ते प्रसिद्ध कडे समोर आले तेव्हा माझं तोंड पिशवीत होतं.

याला कारण मेल्तेमी. उत्तरेकडून येणारा उन्हाळी वारा, जोर मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानकडे कमी, त्यामुळे मधल्या एजियनमधून तो दिवसेंदिवस घोंघावतो. आपल्याला हा कळत नाही, कारण आभाळ असतं निरभ्र निळं. कोकणात समुद्र खवळायचा तर आधी काळे ढग, पाऊस, सगळी वर्दी मिळते. शिवाय आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत कुणी समुद्राच्या वाटेला जात नाही, आणि तिकडे नेमका तेव्हाच भर हंगाम! वारा फारच वाढला की बंदर पोलीस बोटी सोडायला मनाई करतात. त्याला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. छोट्या जलद बोटी आधी थांबतात, मोठ्या शेवटी.

तो शब्द मी शिकले परतीच्या दिवशी. बॅगा घेऊन खाली आलो तर घरमालकीण दारातच उभी. झाडांकडे बोट दाखवून म्हणाली, 'अपागोरेफ्तिको. अव्रिओ.' अव्रिओ म्हणजे उद्या. आमचं जर्मनीचं विमान त्याच संध्याकाळी अथेन्सहून होतं. ऑगस्टचा महिना, सँटोरिनीहून अथेन्सच्या विमानात एकही जागा शिल्लक नव्हती. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले (रद्द झाली तर पैसे किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते), घरच्या विमानाचे बुडाले. म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा: भारतात परतायचं विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या रात्री तुम्ही अथेन्समध्येच असलं पाहिजे. वाऱ्याशिवाय संपही असतात. १ मे ला बेटावरून निघायचा बेत तर करूच नका.

आई-बाबांना नेताना म्हणून सगळं उलटं केलं. महिना सप्टेंबर, बोट मोठी, पहिला मुक्काम नॅक्सोस.

आता पिरेयस. अथेन्सचं मुख्य बंदर, आणि प्रचंड पसरलेलं. फाटकांना ई१ ते ई१२ असे क्रमांक आहेत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा विचारही करू नका. पहिल्या खेपेला टॅक्सीवाल्याने आम्हाला चुकीच्या फाटकाशी उतरवलं होतं आणि आम्ही ऑगस्टच्या उन्हात बॅगा ओढत दीडेक किलोमीटर पळालो होतो. सायक्लेड्स बेटांकडे, म्हणजे पॅरोस, नॅक्सोस, सँटोरिनीकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी साधारणपणे ई६-ई७ पाशी लागतात, मेट्रो स्टेशनच्या अगदी समोर. क्रीट आणि ऱ्होड्सच्या बोटी पार दुसऱ्या टोकाला. तरी तिकिटावर किंवा कंपनीच्या निरोपात आलेला क्रमांक आदल्या दिवशी पाहून घ्या. आणि नकाशात राफिना असं नाव दिसलं तर ते निराळं बंदर आहे, विमानतळाच्या बाजूचं.

२०२२ पासून मेट्रोची निळी लाइन विमानतळावरून थेट पिरेयसपर्यंत जाते, तासभर लागतो, गाडी बदलावी लागत नाही. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स ९६ बस चोवीस तास असते. पण आई-वडिलांना लांबच्या विमानातून उतरवून थेट बोटीत चढवू नका हो. एक-दोन रात्री अथेन्समध्ये राहा, ॲक्रोपोलिस बघा आणि मग सकाळची बोट घ्या. हिरव्या लाइनने बंदरावर जाणार असाल तर पाकीट पुढच्या खिशात.

आमची बोट सकाळी साडेसातच्या सुमाराला होती, ब्लू स्टार कंपनीची, पॅरोस-नॅक्सोस-सँटोरिनी अशी थांबत जाणारी. बोट म्हणजे आठ-नऊ मजली इमारतच. तिला पाहिल्यावर आईची पहिली प्रतिक्रिया, 'ही बुडायची नाही.' मागचा भलामोठा दरवाजा धक्क्यावर टेकवलेला असतो. त्यातून ट्रक, गाड्या, मोटरसायकली आणि माणसं एकदमच आत शिरतात, खलाशी शिट्ट्या मारत असतात. ज्येष्ठांचा हात धरा, इथेच काय ती घाई. मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावरच लोखंडी फळ्यांवर ठेवायच्या. फळ्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात, नॅक्सोसची बॅग नॅक्सोसच्या फळीवर. प्रवासात तो मजला बंद करतात, तेव्हा औषधं, पासपोर्ट, स्वेटर आणि डबा जवळच्या पिशवीत हवा. वर जायला सरकता जिना होता, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न आला नाही. साध्या तिकिटात जागा ठरलेली नसते, जो बसेल त्याची. थोडे पैसे जास्त देऊन क्रमांकाची खुर्ची मिळते, ती आई-बाबांसाठी घ्याच. आम्ही घेतली होती, पण ते दोघं तिथे जेमतेम अर्धा तास बसले.

कारण डेक. मागच्या बाजूला उघड्यावर टेबलं होती. शेजारी एक आजोबा कुंडीतलं लिंबाचं रोप मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्याशी बाबांच्या खाणाखुणांनी गप्पा सुरू झाल्या. आईने दशम्या काढल्या. बोटीवर पालकाचा आणि चीजचा खुसखुशीत पाय मिळतो (स्पानाकोपिता, तिरोपिता), शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. थंड कॉफी सगळ्यांच्या हातात. सिगारेटचा धूर मात्र डेकवर भरपूर, वाऱ्याची दिशा बघून बसा.

पिरेयस सोडल्यावर डाव्या हाताला अ‍ॅटिकाचा किनारा बराच वेळ सोबत करतो आणि मग सुनियोचं टोक येतं. नीट पाहिलं तर वर समुद्रदेव पोसायडनच्या देवळाचे खांब दिसतात. गोष्ट अशी की थिसियस क्रीटला राक्षस मारायला गेला. जिंकलो तर पांढरं शीड लावून येईन, असं बापाला सांगून गेला आणि येताना काळं शीड बदलायलाच विसरला. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या एजियस राजाने काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली. म्हणून हा एजियन समुद्र. हे मी आईला सांगितलं. बोटीवर सांगायची गोष्ट नव्हती, हे सांगून झाल्यावर लक्षात आलं. पण आई म्हणाली, 'मेला, बापाला एवढं सांगून गेला आणि विसरला कसा?' आणि दुसरी दशमी घेतली.

बोट लागण्याबद्दल: अव्होमिनची गोळी आम्ही निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास दिली (बाबांची बाकी औषधं असल्याने डॉक्टरांना विचारून). आलेपाकाच्या वड्या होत्या. बसायला बोटीचा मधला भाग, खालचा मजला घ्या, तिथे डोलणं कमी. पोटात ढवळलं तर मोबाईल खाली ठेवून क्षितिजाकडे बघायचं. मोठी बोट सप्टेंबरात इतकी संथ चालली की दुपारपर्यंत बाबा डुलक्या घेत होते.

नॅक्सोस आलं की आधी पोर्तारा दिसते. अपोलोच्या देवळाची संगमरवरी चौकट, इ.स.पू. सहाव्या शतकातली. देऊळ कधी पुरं झालंच नाही, नुसतं दार उभं आहे आणि दारातून आकाश दिसतं. बोट गोल वळून धक्क्याकडे पाठ करते आणि उलटी येते. उतरणारे सगळे आधीच खालच्या मजल्यावर बॅगा घेऊन उभे, समोर अंधार. मग साखळ्या कडकडतात, दरवाजा हळूहळू खाली जातो आणि ऊन, पाणी, गाव एकदम आत येतं. बोट थांबते काही मिनिटंच, त्यामुळे घोषणा झाली की लगेच खाली या. आम्ही धक्क्याच्या टोकाला पोचून मागे पाहिलं तर ती निघालीसुद्धा.

नॅक्सोस का, तर तिथे सपाटी आहे. बंदरालगतचा रस्ता, गावाजवळची उथळ पुळण, सगळं चालत. बटाटे तिथले नावाजलेले, बाबांनी तीन दिवस तेच खाल्ले. सँटोरिनी म्हणजे पायऱ्या, पायऱ्या आणि गर्दी. पाहावं जरूर, पण सत्तरीच्या माणसांना दोन रात्री पुष्कळ. नॅक्सोसहून मोठ्या बोटीने ते दोनेक तासांवर आहे. आणि तिथे समुद्रातूनच शिरावं, हे माझं ठाम मत. ज्वालामुखीच्या स्फोटाने जमीन आत खचली आणि तिथे समुद्र भरला, त्या भल्यामोठ्या विवरातून बोट जाते. दोन्हीकडे लाल-काळे कडे आणि वर मीठ सांडल्यासारखी पांढरी घरं. विमानातून उतरलात तर हे चुकतं. बोट अथिनिओस बंदराला लागते. तिथून वर जायला नागमोडी घाट आहे. बसेस बोटींच्या वेळेला उभ्या असतात, पण झुंबड पाहता हॉटेलला गाडी पाठवायला सांगा.

परतीला सँटोरिनी ते अथेन्स विमान, पाऊण तास. बोटी वाऱ्याने बंद पडल्या तरी विमानं बहुतेक वेळा चालू असतात. तिकीट मात्र आधी काढून ठेवा.

प्रवास ग्रीसच्या आतलाच असल्याने बोटीवर व्हिसाची तपासणी वगैरे नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं, आणि पासपोर्ट सोबत हवाच.

महिना कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मे, जून किंवा सप्टेंबर असेल तर वर लिहिलंय तसंच करा. जुलै-ऑगस्ट असेल तर शेवटी अथेन्समध्ये एकाऐवजी दोन रात्री ठेवा, आणि आईंना अपागोरेफ्तिकोबद्दल आत्ताच काही सांगू नका.