घराच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप काढायचंय, जागा किती मोठी ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत रो हाऊस आहे, सुतारकामाचा नाद आहे, गाडी बाहेर लावायची तयारी आहे. आहे त्या १० बाय १६ च्या गॅरेजमध्येच वर्कशॉप बसवावं, की मागची भिंत काढून मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकून १० बाय २८ करावं?

भिंत काढू नका. एकट्या माणसाच्या सुतारकामाला १६० चौरस फूट पुरतात. खरं तर इथेच थांबायला हवं, पण हा वाद आमच्याकडे दर दिवाळीला फराळाच्या ताटांबरोबर बाहेर येतो, म्हणून पुढचं लिहितोय.

माझं रो हाऊस नेरूळला आहे आणि गॅरेज तुमच्याएवढंच. माझ्या साडूचा नवीन पनवेलला बंगला आहे. निवृत्तीनंतर त्याने बंगल्यामागे २० बाय २५ ची शेड घातली, म्हणजे माझ्या तिपटीहून मोठी. छपरावर गरगरणारे पंखे, खाली इपॉक्सीची गुळगुळीत जमीन, मशिनं सगळी एकदम. पूजा घातली, आम्हाला जेवायला बोलावलं आणि चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अहो, आता ते तुमचं खुराडं बंद करा, इकडेच येत जा." मी काही बोललो नाही. बायकोच्या बहिणीचं घर, तिथे काय बोलणार. आता बोलतो.

जागा ठरवताना लोक मशिनं मोजतात. टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत) एवढी, ड्रिल मशीन एवढं, बेंच एवढं, अशी बेरीज करून वर थोडी जागा वावरायला धरतात. पण मशीन फार जागा खात नाही, जागा खातं लाकूड. प्लायचा तख्ता ८ बाय ४. तो लांबीत फाडायचा तर पात्याच्या अलीकडे ८ फूट हवेत आणि पलीकडे ८ फूट. सॉ स्वतः तीन फुटांची असेना, तिला १६ फुटांची सरळ मोकळी रेष लागते. ती मिळाली की खोलीच्या रुंदीने फारसं अडत नाही. माझ्याकडे पुढे शटर आहे, सॉ मधोमध चाकांवर आहे आणि मागच्या भिंतीत सॉच्या टेबलाच्या उंचीला एक खिडकी काढली आहे. गज नाहीत, आतून लोखंडी झडप आणि कुलूप. दहा फुटी फळी शटरमधून आत शिरते आणि खिडकीतून मागच्या अंगणात निघते. भिंतीसाठी जे पैसे बाजूला ठेवलेत त्यातले थोडे अशा खिडकीवर घाला, तुमचं गॅरेज हवं तेव्हा २८ फुटी होईल आणि काम झालं की परत १६ फुटी.

उंचीचं माप तर कोणी विचारतच नाही. आडवा तख्ता उभा करायला गेलात की त्याचा कर्ण मध्ये येतो, आणि ८ बाय ४ चा कर्ण जवळजवळ ९ फूट भरतो. बीमखाली तेवढी उंची तुमच्याकडे आहे का, टेप लावून बघा. नसली तर तख्ता आत लांब कडेवरच उभा राहील आणि उभा-आडवा करायचा तो शटरबाहेर. गॅरेज मागे कितीही वाढवलंत तरी ही अडचण तिथेच राहणार.

मी उमेदवारी केली ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिची पहिली औद्योगिक वसाहत ती हीच. आमचा गाळा जेमतेम ४०० चौरस फुटांचा. त्यात दोन लेथ, एक मिलिंग, एक शेपर, पाच माणसं आणि मालकाचं टेबल. तिथे बनलेल्या डाय, म्हणजे साचे, मोठमोठ्या कारखान्यांत जायच्या. मिस्त्रींचा दंडक असा की जमिनीवर जे ठेवशील ते संध्याकाळी तूच उचलून जायचं. जमीन ही ठेवायची जागा नाही, उभं राहायची जागा आहे, हे तिथे अंगात भिनलं. साडू आयुष्यभर बँकेत होता. तिथे फायली जमिनीवर ठेवायची पद्धत असावी.

आता झोपाळा. साडूकडे आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे, चिपळूणकडच्या घरातून आणलेला. पाट सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड. कडीच्या भोकापासून त्याला तडा गेला, कडेपासून चार बोटं आत, रेषेरेषेने निम्म्या लांबीपर्यंत. एवढी शेड दाराशी असताना साडूने मला फोन केला. "टेम्पोने पाट पाठवतो, तुमच्याकडे करू या का?" का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "इकडे जरा सामान आहे."

मी मुद्दाम बघायला गेलो. मेहुणीचा जुना सोफासेट. बंगळूरला गेलेल्या मुलाची बुलेट. दोन कूलर, उरलेल्या टाइल्सचे खोके, गणपतीच्या मखराचा सांगाडा, कुणाच्या तरी लग्नातून आलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा मनोरा. मे महिना होता, आणि टेबल सॉवर पेंढा पसरून हापूसची अढी घातली होती. मेहुणी म्हणाली, "जागा सपाट आहे ना, छान पिकतात." आंबे खरोखरच छान होते, घरी येताना एक डझन दिले. पण लेथच्या बेडवर आदल्या पावसाळ्याचा गंज तसाच होता, आणि त्या ५०० चौरस फुटांत सहा फुटांचा पाट आडवा ठेवायला जागा नव्हती.

पाट नेरूळला आला. वजन पस्तीस किलोच्या घरात, दोघांनी धरला. अर्धवट तड्यात नुसता गोंद ओतून भागत नाही, झोपाळ्यावर माणसं बसतात. तडा जिथून गेला त्याच रेषेने पाट पूर्ण लांबीत फाडला. सहा फूट पात्याच्या अलीकडे, सहा फूट पलीकडे, शटर वर, साडू दाराशी. दोन्ही कडा रंध्याने मिळवून घेतल्या. सागात तेल असतं, नुसता फेव्हिकॉल लावला तर जोड दगा देऊ शकतो. म्हणून कडा ॲसिटोनने पुसल्या, लगेच इपॉक्सी लावलं आणि क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून आवळले, नाहीतर पाट आवळताना कमानीसारखा वाकतो. रात्रभर तो दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) गॅरेजच्या मधोमध पडून राहिला. मधोमध! कारण तिथे दुसरं काहीच नव्हतं. सकाळी जुनी भोकं सागाच्याच खुंट्यांनी बुजवली, नवीन भोकं जोडापासून दूर पाडली आणि कड्यांच्या खाली आडव्या पितळी पट्ट्या दिल्या, म्हणजे भार लाकडाच्या एका रेषेवर येत नाही. या सगळ्यात साडूचं कोपर एकदा वाइसला लागलं आणि तो म्हणाला, "जागा कमी पडते हो तुम्हाला." मी चहा पुढे केला.

पुढच्या दिवाळीत त्याच झोपाळ्यावर बसून तो पाहुण्यांना सांगत होता, "आम्ही दोघांनी केला, माझ्याच वर्कशॉपमध्ये." माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी चकली खाल्ली.

मुंबईच्या आसपास छपराखालची जागा रिकामी राहत नाही. तुम्ही मागे बारा फूट वाढवलेत की पहिल्या वर्षी आईची जुनी शिवणयंत्राची पेटी येईल, दुसऱ्या वर्षी सासुरवाडीचं कपाट. नाही म्हणायला तुमच्याकडे कारण उरत नाही, कारण जागा तर दिसतेच आहे. १६० फुटांत "कुठे ठेवू, तूच सांग" एवढं म्हटलं की विषय संपतो.

साडूचं खरं म्हणणं असं की जागा नंतर वाढवता येत नाही, म्हणून आधीच मोठी घ्यावी. यात थोडं तथ्य आहे. पण सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ती घरं सात-सातच्या गटाने चौकाभोवती मांडली, प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र ठेवल्या, ते अशासाठी की आधी लहान घर बांधावं आणि लागेल तसं ज्याने त्याने वाढवावं. आता तिथे मूळ रूपातली घरं शोधावी लागतात, इतकं लोकांनी वाढवलं. म्हणजे वाढवता येतं. मोठं बांधून ठेवलेलं मात्र लहान करताना मी कुणाला पाहिलं नाही.

पैसे उरले तर वायरिंगवर घाला. दोन एचपीची मोटर म्हणजे साधारण दीड किलोवॅट, आणि सुरू होताना ती चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग. भुशाचा व्हॅक्यूम त्याच वेळी चालणार हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. लाकूड जमिनीपासून वीतभर वर ठेवा, वाळवी आणि ओल दोन्हींसाठी. सॉचं बिडाचं टेबल जूनच्या आधी मेण लावून झाका. आणि भर पावसाळ्यात ड्रॉवर बेताचे बसवू नका, फेब्रुवारीत खुळखुळतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं लाकडापुरतं. वेल्डिंग, ग्राइंडिंगही करणार असाल तर १६० फूट पुरणार नाहीत, कारण ठिणगी आणि भुसा एका खोलीत ठेवता येत नाहीत. मध्ये पक्की भिंत हवी, निदान वेगळा कोपरा बाहेर हवा. दोघं मिळून रोज काम करणार असाल तरीही माझा हिशेब चुकेल. तुमच्या रो हाऊसची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर मशिनांखाली रबर घाला. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहानंतर ४५, आणि सॉ दोन्ही सहज ओलांडते, म्हणजे शेजाऱ्याशी गोडीनेच राहायचं. मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकणं हे परवानगीशिवाय वाढीव बांधकाम ठरतं, आणि ती भिंत भार घेणारी आहे का हे आर्किटेक्टला दाखवल्याशिवाय तिच्यात खिडकीसुद्धा काढू नका. हे मी वर बोललो नाही, कारण वर साडू होता.

तो हे वाचेल, मेहुणी त्याला पाठवतेच. माझं १० बाय १६ अजून खुराडंच वाटत असेल तर खुशाल वाटू दे, पण झोपाळ्याच्या वेळी नेलेले माझे दोन लांब क्लॅम्प त्या बुलेटच्या मागे पडलेत, ते तेवढे शोधून परत पाठव म्हणावं.